लिंकिंग आलं वाटतं

माझा पहिला स्वतःचा लॅपटॉप दोन कोअरचा, चार जीबी रॅमचा होता, आणि त्याच्या डाव्या कडेला बोटभर लांबीची एक जाळी होती. त्या जाळीतून रात्री जो गरम वारा यायचा, त्यात धुतलेले मोजे वाळायचे. थट्टा नाही, मी वाळवले आहेत. लॅपटॉप माझ्या आणि धाकट्या भावाच्या खोलीत, दोन पलंगांच्या मधे एका स्टुलावर असे. दहाच्या सुमारास मी टर्मिनल, म्हणजे हुकूम टाइप करायची खिडकी, उघडून कंपाइल टाकायचे, म्हणजे माणसाने लिहिलेल्या सोर्स कोडचा चालणारा प्रोग्राम करायला लावायचे, उजेड त्याच्या डोळ्यांवर जाऊ नये म्हणून झाकण अर्धं मिटायचे, आणि आडवी व्हायचे. पंखा मात्र रात्रभर जागा.

"ताई, काय करतंय गं ते?"

"लिबरऑफिस तयार होतंय."

"आपल्याकडे आहे की ते."

"ते जुनं. हे नवं आहे."

"काय नवं आहे त्यात?"

पत्रं, हिशेब, सादरीकरणं करायच्या त्या प्रोग्रामांच्या संचात नवं काय, याचं उत्तर मला धड देता आलं नाही. मी म्हटलं, झोप आता.

लिनक्स या ऑपरेटिंग सिस्टिमवर सॉफ्टवेअर हवं असेल तर एरवी एक ओळ लिहायची आणि एंटर मारायचं. कुणीतरी आधीच कंपाइल करून ठेवलेलं पॅकेज उतरतं, मिनिटभरात मेनूत त्याचं चिन्ह दिसतं, विषय संपला. डेबियन, फेडोरा, उबुंटू, लिनक्सच्या या सगळ्या अवतारांकडे (त्यांना डिस्ट्रो म्हणतात) हीच सोय. मी वापरत होते त्या जेंटूचं तसं नव्हतं. तिथे 'इमर्ज' म्हटलं की सोर्स कोड उतरायचा आणि तुमच्याच मशीनवर, तुमच्या देखत, कंपाइल व्हायला लागायचा. डॅनियल रॉबिन्सने सुरू केलेल्या या डिस्ट्रोची १.० आवृत्ती २००२ मध्ये आली. जेंटू ही पेंग्विनची एक जात आहे, पाण्याखाली पोहण्यात सगळ्या पेंग्विनांत वेगवान. नावातच वचन होतं: तयार मापाच्या कपड्यापेक्षा अंगाला बेतून शिवलेला कपडा जसा बसतो, तसं तुमच्या प्रोसेसरला बेतून केलेलं सॉफ्टवेअर पळेल.

मी या वचनाला भुलले. कंपाइलरला द्यायच्या फ्लॅगांची, म्हणजे सूचनांची, एक लांबलचक ओळ मी इथून तिथून वेचून जमवली होती. ओ३, मार्च नेटिव्ह, अनरोल लूप्स, आणखी दोनतीन, ज्यांचा अर्थ मला आजही विचारू नका. दंडाला ताईत बांधावा तशी ती ओळ मी सेटिंगच्या फाइलीत बांधली. मग नऊ तास खपून तयार झालेलं लिबरऑफिस खरंच लवकर उघडतं का, ते स्टॉपवॉच लावून मोजलं. उघडलं की! अर्ध्या सेकंदाने लवकर. आनंदाच्या भरात आणखी खात्री करावी म्हणून जुनं पुन्हा मोजलं, तर तेही अर्ध्या सेकंदाने लवकर उघडलं, कारण दुसऱ्यांदा उघडताना फायली रॅममध्ये आधीच येऊन बसलेल्या होत्या. समजा तो अर्धा सेकंद खरा धरला, तरी नऊ तास वसूल व्हायला चौसष्ट हजार आठशे वेळा लिबरऑफिस उघडावं लागलं असतं. रोज दहादा उघडलं तर जवळजवळ अठरा वर्षं. तेवढ्यात पुढच्या आवृत्त्या किती येतील, तो हिशेब मी केला नाही.

तरीही मी जेंटू सोडलं नाही, आणि त्याचं कारण वेग नव्हता हे मला तेव्हाच कळलं होतं. कबूल करायला जरा वेळ लागला, इतकंच.

एक कारण अगदी साधं होतं. मशीन कामात आहे म्हटल्यावर मी रिकामी बसले तरी ते रिकामं बसणं नव्हतं. सुट्टीच्या दिवशी कंपाइल चालू असलं की माऊस अडखळायचा, ब्राउझर उघडायला युग लागायचं, मग लॅपटॉप नुसता बघायचा. मी कपाट आवरलं, उसवलेल्या उशा शिवल्या, जाड जाड कादंबऱ्या संपवल्या. कुणी विचारलंच तर "कंपाइल चालू आहे" हे उत्तर तयार. या वाक्यात कर्ता कोण, ते कुणी विचारत नाही.

दुसरं कारण सांगायला जरा लांबून यावं लागेल.

कंपाइलच्या वाटेला घड्याळ नसतं. म्हणजे दिसायला असतं, पण ते वेळ दाखवत नाही. काही पॅकेजं टक्के दाखवतात, काही 'चोवीस हजारांपैकी चारशे एकवीस' असा आकडा. हे दोन्ही फायली मोजतात. आणि फाइलीफाइलीत किती फरक! एक डोळ्याची पापणी लवायच्या आत होते, दुसरी अडीच मिनिटं घेते. म्हणून ऐंशी टक्क्यांपर्यंत पळत येऊन तिथेच ठाण मांडून बसलेला बिल्ड मी कितीदा पाहिलाय. जेंटूवर 'जेनलॉप' नावाचं एक हुशार साधन आहे. हेच पॅकेज तुमच्या मशीनवर आधी कधी किती वेळात झालं होतं, त्याची नोंद काढून ते अंदाज सांगतं: आणखी दोन तास अकरा मिनिटं. स्वतःच्याच इतिहासावरून केलेलं भाकीत, त्यामुळे बरंचसं खरं ठरतं. पण नवी आवृत्ती जुनीपेक्षा जड निघाली आणि अंदाजाची वेळ उलटून गेली, की ते एवढंच म्हणतं: 'ईटीए: एनी टाइम नाऊ'. आता केव्हाही. हे वाक्य मी एकदा रात्री साडेअकराला वाचलं आणि पहाटे पावणेचारला पुन्हा वाचलं. जेनलॉप तितकंच आशावादी होतं.

लिनक्स फ्रॉम स्क्रॅच या प्रकल्पाने यावर फार शहाणा तोडगा काढलाय. तिथे डिस्ट्रोच नाही, पहिल्या विटेपासून सगळी सिस्टिम आपणच कंपाइल करून उभी करायची. त्यांच्या मार्गदर्शिकेत कुठलंही पॅकेज किती मिनिटं घेईल ते लिहिलेलं नसतं. लिहिणार तरी कसं, प्रत्येकाचं मशीन वेगळं. त्याऐवजी सगळ्यात आधी बांधायचं पॅकेज, म्हणजे बिनयुटिल्सचा पहिला फेरा, तुमच्या मशीनवर जेवढा वेळ घेईल, तो एक एकक धरायचा. नाव स्टँडर्ड बिल्ड युनिट. पुढचं सगळं त्याच्या पटीत: हे अर्धं युनिट, ते चार युनिट. मला ही कल्पना इतकी आवडली की काही दिवस मी घरातली कामंही अशीच मोजत होते. भावाची आंघोळ एक युनिट धरली, तर त्याला सकाळी उठवणं साडेतीन.

वेळ एवढा का लागतो, हे मला बराच काळ माहीत नव्हतं. कोड जास्त म्हणून वेळ जास्त, एवढीच समजूत. एका दुपारी असंच काहीतरी तासन् तास चाललं असताना सी प्लस प्लसमधला सगळ्यात लहान प्रोग्राम लिहिला, पडद्यावर नमस्कार उमटवणारा, पाच ओळींचा. कंपाइलरला म्हटलं, कंपाइल करू नकोस, फक्त सगळी हेडर, म्हणजे वर जोडलेल्या सामायिक फायली, उलगडून माझ्यापुढे ठेव. पाच ओळींच्या जवळपास तीस हजार ओळी झाल्या. वर एकच आयओस्ट्रीम जोडलं होतं, पण त्याने दुसरी हेडर ओढली, त्यांनी तिसरी. आता हजारो फायलींचा प्रकल्प घ्या. प्रत्येक फाइल कंपाइल करताना कंपाइलर ते सगळं नव्याने वाचतो, आधीच्या फाइलीला वाचलेलं त्याच्या ध्यानात नसतं. वर टेम्प्लेटं असली तर तोच साचा प्रत्येक फाइलीत पुन्हा ओतायचा, आणि शेवटी जास्तीचे नग फेकून द्यायचे. माझे नऊ तास कुठे जात होते ते असं सापडलं. बराचसा वेळ तेच ते पुन्हा वाचण्यात जात होता.

लिनक्सचा कर्नल, म्हणजे सिस्टिमचा गाभा, मुख्यतः सी भाषेत आहे, टेम्प्लेटांची भानगड तिथे नाही, तरी हेडरांचा गुंता चुकला नाही. कर्नलवर काम करणाऱ्या इंगो मोल्नारने २०२२ च्या जानेवारीत तो सोडवायला पॅचांची, म्हणजे कोडमधल्या बदलांची, एक मालिका पुढे ठेवली, तिच्यात बावीसशेहून जास्त पॅच होते. कोण कुणाला ओढतंय एवढंच निस्तरायला बावीसशे! बिल्डचा वेग त्याने पन्नास ते ऐंशी टक्क्यांनी वाढतो असं त्याचं मोजमाप होतं. मालिका अख्खी कर्नलमध्ये गेली नाही, पण ती बातमी वाचून मला कुणीतरी आपल्या बाजूने बोलल्यासारखं वाटलं होतं.

हे दुखणं जुनंच आहे. 'मेक' हे साधन स्टुअर्ट फेल्डमनने १९७६ मध्ये बेल लॅब्जमध्ये लिहिलं, त्यामागे एका सहकाऱ्याची वाया गेलेली सकाळ होती. प्रोग्राममधली चूक त्याने आधीच दुरुस्त केली होती, पण ती फाइल पुन्हा कंपाइल करायची राहिली, आणि दुरुस्त झालेल्या प्रोग्राममध्ये तो चूक शोधत बसला. मेकची युक्ती एवढीच: सोर्सची तारीख तयार फाइलीच्या तारखेपेक्षा नवी असेल तर तेवढंच पुन्हा कर, बाकीच्याला हात लावू नकोस. इतक्या वर्षांनंतरही आपण त्याच युक्तीवर जगतोय. फक्त एखाद्या हेडरमधल्या टिप्पणीत चुकून एक स्वल्पविराम घालावा, की मेक मान डोलावतं आणि अर्धा प्रकल्प पहिल्यापासून सुरू.

तर दुसरं कारण. जात्यावर बसलं की ओवी सुचते म्हणतात, मला काही सुचायचं नाही, मी नुसती टर्मिनलवरून सरकणाऱ्या ओळी बघत बसायचे. सुरुवातीला त्या गिचमिड वाटायच्या. आधी कॉन्फिगरची प्रश्नावली: सी कंपाइलर आहे का, आहे, तो चालतो का, चालतो, बिल्डचं वातावरण शहाणं आहे का, हो. हा प्रश्न खरोखर असतो, 'सेन' याच शब्दात. त्यात मुख्यतः घड्याळ ठिकाणावर आहे ना तेवढं पाहतात. टर्मिनलपुढे बसलेलीला कुणी काही विचारत नाही.

मग खरं काम सुरू व्हायचं, आणि लिबरऑफिसच्या ओळींत मला काही अक्षरं सारखी दिसायला लागली. फाइलीच्या वाटेत सुरुवातीलाच एसडब्ल्यू, नाहीतर एससी, नाहीतर एसडी. रायटरचं, म्हणजे लेखनाच्या प्रोग्रामचं, फोल्डर एसडब्ल्यू, कॅल्कचं, म्हणजे हिशेबाच्या तक्त्यांचं, एससी, चित्रं आणि सादरीकरणाचं एसडी. डब्ल्यू रायटरचा, सी कॅल्कचा, पण हा एस कुणाचा? शोधलं तर तो 'स्टार'चा निघाला. स्टाररायटर हा प्रोग्राम स्टार डिव्हिजन नावाच्या जर्मन कंपनीचा, १९८५ चा. त्याचं पुढे स्टारऑफिस झालं, १९९९ मध्ये सन मायक्रोसिस्टिम्सने ती कंपनी घेतली, पुढच्याच वर्षी कोड खुला करून ओपनऑफिस डॉट ऑर्ग काढलं, आणि २०१० मध्ये त्यातून फुटून लिबरऑफिस निघालं. मालक बदलले, नावं बदलली, पण फोल्डरांवरचा तो एस कुणी काढला नाही. कोडमधल्या टिप्पण्याही जर्मन होत्या. स्वयंसेवकांनी त्या कित्येक वर्षं थोड्या थोड्या करून इंग्रजीत आणल्या. मी रोज ज्यात पत्रं लिहीत होते तो प्रोग्राम माझ्यापेक्षा वयाने मोठा होता, आणि हे मला त्याच्या मेनूने कधी सांगितलं नसतं. मिनिटात उतरलेलं पॅकेज वापरत असते तर त्या एसची आणि माझी गाठ पडली नसती.

जीसीसी म्हणजे खुद्द कंपाइलर. तो अद्ययावत व्हायचा असला की मी मुद्दाम जागी राहायचे. आधी जुना कंपाइलर नव्याला बनवतो. मग तो नवा स्वतःचाच सोर्स घेऊन स्वतःला बनवतो. मग तो बनलेला पुन्हा एकदा स्वतःला बनवतो, आणि दुसऱ्या व तिसऱ्या खेपेच्या फायली एकमेकींशी ताडून बघतात. तंतोतंत जुळल्या तर पास. तीनतीनदा तेच काम, माझ्या मशीनवर अडीच तास. पण त्यातला एकही फेरा मला फुकटचा वाटला नाही. जो बाकी सगळ्यांना घडवणार, त्याने आधी स्वतःला दोनदा घडवून दाखवावं, ही अट मला रास्त वाटते.

भावाचं शिक्षण मात्र या सगळ्याहून वेगळ्या वाटेने झालं. त्याने कधी पडदा पाहिला नाही. तो अंधारात पडल्या पडल्या पंखा ऐकायचा. महिन्याभरात त्याला कळलं, की सुरुवातीला आवाज वरखाली होतो. ते कॉन्फिगर, त्यात एकेक बारीक चाचणी एकामागून एक चालते, प्रोसेसरला मधे मधे श्वास मिळतो. मग एकसारखा चढा सूर लागतो, तो तासन् तास. तेव्हा दोन्ही कोअर दोन वेगळ्या फायलींना भिडलेले असतात. आणि मग अचानक पंखा पडतो. पहिल्यांदा तो पडला तेव्हा भाऊ कोपरावर उठून म्हणाला, "ताई, झालं बघ तुझं." मी झाकण उघडून पाहिलं. झालेलं नव्हतं. शेवटची ओळ लिंकिंगची होती.

सुट्या सुट्या कंपाइल झालेल्या हजारो तुकड्यांना एकत्र बांधून एक प्रोग्राम करायचा, हे लिंकरचं काम. कुठल्या तुकड्याला काय हवंय आणि ते कुठल्या दुसऱ्या तुकड्यात आहे, याच्या गाठी मारत जायचं. जुना लिंकर हे एकट्याने, एकाच कोअरवर करायचा. दुसरा कोअर हातावर हात ठेवून बसायचा, म्हणून पंखा निवायचा. संगणकतज्ज्ञ जीन अॅमडाहलने १९६७ मध्ये मांडलं तेच: कामाचा जो भाग एकट्यानेच करावा लागतो, तो तुम्ही कितीही हात लावले तरी आटत नाही. आता मोल्ड नावाचा लिंकर आहे, रुई उएयामाचा, १.० आवृत्ती डिसेंबर २०२१ ची. तो हे कामही सगळ्या कोअरांत वाटतो आणि मिनिटांचं काम सेकंदांत उरकतो. आमच्या खोलीत तो नव्हता. आमच्याकडे पंखा पडायचा, आणि अंधारातून भाऊ म्हणायचा, "लिंकिंग आलं वाटतं." मग कूस बदलून झोपायचा, कारण पुढची पंधरा-वीस मिनिटं शांतता. कंपाइलर म्हणजे काय हे त्याला आजही नीट सांगता येणार नाही, पण लिंकिंगची चाहूल त्याला माझ्याआधी लागायची.

एकदा तो चुकला, आणि ती रात्र माझ्या चांगली लक्षात आहे.

क्यूटी वेबइंजिन हे पॅकेज नावावरून साळसूद वाटतं. आत अख्खा क्रोमियम ब्राउझर असतो. चार जीबी रॅमच्या मशीनवर ते टाकणं म्हणजे आ बैल मुझे मार, पण मला एक नोंदी ठेवायचा प्रोग्राम हवा होता आणि तो म्हणत होता, वेबइंजिन लागेल. शुक्रवारी संध्याकाळी टाकलं. शनिवारी दुपारी साधारण सतरा तास झाले असताना पंखा पडला. भाऊ पलीकडे अभ्यासाला बसला होता, मान वर न करता म्हणाला, "लिंकिंग आलं." मी म्हटलं, हो, आता तासाभरात होईल. आणि स्वयंपाकघरात गेले.

परत आले तर पडद्यावर पुढचा हुकूम मागणारा प्रॉम्प्ट लुकलुकत होता. वर लाल अक्षरांत: एलडी टर्मिनेटेड विथ सिग्नल ९, चौकटी कंसात 'किल्ड'. एलडी म्हणजे लिंकर. लिंकिंग आलं होतं हे खरं, फक्त ते टिकलं नव्हतं. रॅम संपली की कर्नल एक मारेकरी सोडतो, ओओएम किलर. तो सगळ्या प्रोसेसवर नजर टाकतो आणि साधारणपणे जी सगळ्यात जास्त मेमरी खातेय तिला उडवतो. त्या क्षणी सगळ्यात जास्त मेमरी कोण खाणार? सतरा तासांचं काम गोळा करून बांधायला बसलेला लिंकरच. न्याय म्हणून त्यात खोट काढता येत नाही.

यापुढची चूक मात्र माझी. मला वाटलं 'इमर्ज रिझ्यूम' म्हटलं की थांबलं तिथून चालू होईल. ते रिझ्यूम पॅकेजांच्या यादीचं असतं. अर्धवट राहिलेलं पॅकेज पहिल्यापासून सुरू होतं, आणि सुरू होताना आधीचं कामाचं फोल्डर साफ पुसलं जातं. सतरा तासांच्या सगळ्या फायली तिथे धडधाकट होत्या, हरवलेली फक्त शेवटची गाठ होती. स्वॅप फाइल, म्हणजे डिस्कवरची उसनी मेमरी, वाढवून 'ईबिल्ड'च्या हुकमाने त्याच फोल्डरात पुढचं चालवलं असतं तर निभावलं असतं. हे मला कळलं ते एंटर मारल्यानंतर, 'क्लीनिंग' असं काहीतरी वाचताना.

मी स्टुलासमोर जमिनीवर बसले. भावाने पेन ठेवलं.

"किती वाजता होईल आता?"

"उद्या."

"उद्या सकाळी?"

"उद्या."

तो काही बोलला नाही. थोड्या वेळाने उठून त्याने लॅपटॉपच्या खाली दोन वह्या सारल्या, म्हणजे खालून हवा खेळेल.

यातली गंमत अशी, की त्या प्रोग्रामला वेबइंजिन फक्त मदतीची पानं दाखवायला लागत होतं. जेंटूत यूज फ्लॅग असतात, कुठल्या पॅकेजात काय हवं आणि काय नको ते सांगायचे. 'वेबइंजिन'च्या आधी एक उणे चिन्ह टाकलं असतं तर तो प्रोग्राम सात मिनिटांत तयार झाला असता. मी मदत उघडली असती असंही नाही. अंगाला बेतून शिवण्याचा खरा फायदा तो असतो: शिंप्याला सांगता येतं, हा खिसा नको. ओ३ वगैरे ताईत मी त्या महिन्यात उतरवले.

आता माझ्याकडे सोळा थ्रेडचं मशीन आहे, त्याचे पंखे मोठे आणि सावकाश फिरणारे, आवाज जवळपास नाहीच. लिबरऑफिस पाऊण तासाच्या आत होतं. कर्नल चार मिनिटांत. आणि इथे मी एक तक्रार करणार आहे, जी ऐकून जुन्या लॅपटॉपवाली मी मला उभी जाळली असती: चार मिनिटांची वाट ही नऊ तासांच्या वाटेपेक्षा वाईट. नऊ तास म्हटले की माणूस उठतो, दुसरं काहीतरी हातात घेतो, त्यात रमतो. चार मिनिटांत उठावं तर परत यायची वेळ होते, बसावं तर बसवत नाही. मग हात फोनकडे जातो. चार मिनिटांची पंचवीस मिनिटं होतात, आणि परत येऊन पाहावं तर बिल्ड अकराव्या सेकंदालाच फुटलेला असतो, एका विसरलेल्या अर्धविरामापायी. त्यातही सोळा कामं एका वेळी चालू असल्यामुळे एक फुटलं तरी बाकीची पंधरा आपापली ओळ छापूनच थांबतात. खरी चूक तीनशे ओळी वर, आणि तळाला नुसतं 'एरर २'. नवशिक्यांना मी एवढंच सांगते: तळाची एरर वाचू नका, वर जात जात पहिली शोधा. मी स्वतः बिल्ड संपल्यावर घंटा वाजावी अशी सोय केलीय. घंटा वाजते तेव्हा मी फोन बघत असते, आणि ती ऐकून म्हणते, हो, आलेच.

सीकॅश आहे, तो आधी कंपाइल झालेलं जपून ठेवतो आणि तीच फाइल पुन्हा आली तर जुनाच निकाल काढून देतो. अँड्र्यू ट्रिजेलने लिहिला. डिस्टसीसी आहे, ते काम शेजारच्या मशीनवर पाठवतं. दोन्ही वापरून झाले, दोन्ही चांगले. आणि २०२३ च्या २९ डिसेंबरला तर जेंटूनेच जाहीर केलं, की आता तयार पॅकेजंही मिळतील, साध्या ६४-बिट मशीनसाठी मोठा साठा आहे, हवं तर घ्या. ती बातमी मी दोनदा वाचली. आपल्या वाड्याला लिफ्ट बसल्यासारखं वाटलं. दुसऱ्या दिवशी वेबइंजिनसाठी ती सोय चालू केली, पहिल्याच दिवशी करणं बरं दिसलं नसतं. एकेक करत जड जड पॅकेजं तिकडे गेली. लिबरऑफिस अजून सोर्समधूनच करते. का, ते भावाला तेव्हा सांगता आलं नव्हतं, तसं आजही कुणाला सांगता येत नाही.

गेल्या महिन्यात माळ्यावरून तो जुना लॅपटॉप काढला. बॅटरी मेली आहे, वायर लावली की चालतो. नवा जीसीसी त्याला पेलतो का ते बघायचं होतं. रात्री टाकला, स्टूल नव्हतं म्हणून खुर्चीवर ठेवला, खाली दोन वह्या. अकराच्या सुमारास भावाचा फोन आला. तो आता दुसरीकडे राहतो, फोन करतो तेव्हा बहुतेक काहीतरी खात असतो. घरच्या गोष्टी निघाल्या, कुणाची तब्येत, कुणाची बदली. मधेच तो थांबला.

"ताई, तो लॅपटॉप चालू आहे का?"

"हो. ऐकू येतंय?"

"येणार नाही? विमान उडतंय."

मग आम्ही पुन्हा बदलीवर आलो. दहाएक मिनिटांनी पंखा पडला. मला जाणवलं, पण मी बोलले नाही.

"लिंकिंग आलं वाटतं," तो म्हणाला.

मी फोन कानाला लावूनच झाकण वर केलं. शेवटच्या ओळीत 'नो स्पेस लेफ्ट ऑन डिव्हाइस'.

"नाही रे. डिस्क भरली."

"मग आता?"

"आता काय, जागा करते आणि परत टाकते."

"पहिल्यापासून?"

"नाही. आता फोल्डर पुसत नाही मी."